मदत हवी आहे: फियाट औशाच्या पुढं जाईना, शुक्रवारी तुळजापूर गाठायचंय

फियाटचा_नाद (सोमवार, रात्री ९.१०)
नमस्कार मंडळी. घरची फियाट पद्मिनी दीड वर्ष खपून उभी केली. पत्राकाम, रंग, इंजिन, वायरिंग, सीटा, सगळं. लातुरात महिनाभर गल्लीबोळातून फिरवली, एकदाही कुरकुर नाही. काल पहिल्यांदा हायवेला काढली आणि औशाच्या अलीकडं बंद. अर्धा तास रस्त्याच्या कडेला. मग सेल्फ मारला, चालू. परत फिरलो तर गाव यायच्या आधी पुन्हा बंद. आज सकाळी तेच. मिस्त्री म्हणायलाय, "नवीन इंजिन हाय, टाईट असतंय, चालवा, मोकळं होईल."
शुक्रवारी आबांना घेऊन तुळजापूरला जायचं म्हणजे जायचं. काय करू, पटकन सांगा. मिस्त्री बदला असं मात्र सांगू नका, फियाट जाणणारा दुसरा इथं राहिला नाही.

कार्बवाले_काका (९.२४)
साल कोणतं? बंद पडताना गचके देते की खटकन बंद? टेम्परेचरचा काटा कुठं होता? बंद पडल्या पडल्या प्लगला स्पार्क बघितला का? एवढं सांगितल्याशिवाय कुणी काही सांगितलं तर तो अंदाजपंचे.

ओलं_फडकं (९.३१)
काका, यात विचारायचं काय? व्हेपर लॉक. लातूरचं ऊन ४१ वर गेलंय. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनला चिकटून बसलेला, तो तापला की आतच पेट्रोलची वाफ होते. पंपातला पडदा, म्हणजे डायफ्राम, वाफ दाबत बसतो, पेट्रोल पुढं सरकत नाही. पंपावर ओलं फडकं टाका, दोन मिनिटात चालू.
१९९२ ला आमच्या मामाच्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन बीडकडं निघालो होतो. मांजरसुंब्याच्या घाटात फियाट बंद. नवरदेवाच्या खांद्यावरचा टॉवेल भिजवून पंपावर टाकला. मुहूर्त गाठला. टॉवेल काळा झाला तो वेगळा, मामी अजून काढते.

नांदेडी_स्पार्क (९.४०)
उठसूट फडकं! गार झाल्यावर चालू होते म्हणजे आधी कंडेन्सर बघायचा. डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर तापला की दगा देतो, निवला की शहाणा होतो. लक्षण सेम. नाहीतर इग्निशन कॉइल. हल्ली बाजारात मिळणारे कंडेन्सर म्हणजे लॉटरी आहे. जुना कंडेन्सर फेकला नसेल तर तोच परत लावा.

ओलं_फडकं (९.४३)
सकाळी पण बंद पडली म्हणजे कंडेन्सर, असं म्हणायचंय का तुम्हाला?

नांदेडी_स्पार्क (९.४५)
सकाळी ऊन नव्हतं, तरी बंद पडली. म्हणजे तुमचं फडकं बाद. हो, असंच म्हणायचंय.

औंध_ते_औराद (९.५८)
अभिनंदन दादा! फोटो टाका की. आणि गाडी जुनी आहे तर व्हिंटेजचा व्हीए नंबर घेऊन टाका. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं बघायला नको.

कार्बवाले_काका (१०.०५)
त्याला गाडी ५० वर्षांपुढची लागते, २०२१ चा नियम आहे. शिवाय ती रोज फिरवता येत नाही. आणि हे त्यांनी विचारलेलंच नाही.

फियाटचा_नाद (१०.२०)
८६ ची आहे. पेट्रोलच. काटा निम्म्यावर, गरम अजिबात नाही. आधी ओढ कमी होते, मग दोन-चार गचके, मग बंद. स्पार्क आज बघितला, निळा, कडक. कंडेन्सरचा विषय संपला. पारदर्शक फिल्टर लावलाय, बंद पडल्यावर तो जवळजवळ रिकामा दिसला, नुसते बुडबुडे. पेट्रोल भरपूर आहे.

ओलं_फडकं (१०.२२)
बुडबुडे! मी काय म्हणत होतो?

परभणी_परफॉर्मन्स (१०.३०)
मेकॅनिकल पंप काढा आणि टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप टाका. मी माझ्या जुन्या जीपला टाकलाय, चार वर्षं बघितलं पण नाही. हजार-दोन हजारात आयुष्याची कटकट मिटते.

कार्बवाले_काका (१०.४१)
वाट्टेल तो इलेक्ट्रिक पंप नको. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पंप बसवला तर कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) फ्लोटची सुई तो दाब धरूच शकत नाही, पेट्रोल ओसंडून थेट गरम मॅनिफोल्डवर. कमी दाबाचा मिळतो, पण शुक्रवारच्या आत नवा प्रयोग करायचा नसतो.

ऊसवाला_रेणापूर (मंगळवार, सकाळी ७.१५)
कुणीच मूळ बोलेना गेलंय म्हणून लिहितो. पंप, टाकी, पाइप सगळं जुन्या पेट्रोलच्या हिशेबाचं. आता सगळीकडं ई२०, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, टाकीतला पंचवीस वर्षांचा गाळ सुटून फिल्टरला येतो. डायफ्राम आणि पाइप इथेनॉलला चालणारे टाकलेत का? (आणि इथेनॉलला नावं ठेवू नका, आमचं ऊसबिल त्याच्यावर चालतं.)

नांदेडी_स्पार्क (७.४०)
ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं ऊस लावायचा, त्याचं इथेनॉल करायचं आणि ते आमच्या गाडीत घालायचं. धन्य.

ऊसवाला_रेणापूर (७.४८)
तुम्ही गोदाकाठी बसून बोला. सोयाबीनला काय भाव चाललाय ते माहिताय का? ठिबकवर ऊस घेतो मी. बांधावर येऊन बघा, चहा पाजतो.

नांदेडी_स्पार्क (७.५५)
ठिबक सगळेच सांगतात.

धागासांभाळ (८.२०)
ऊस आणि पाणी दुसऱ्या धाग्यावर. इथं फियाट.

फियाटचा_नाद (८.३५)
पाइप नवीन, डायफ्राम नवीन, टाकी उतरवून धुतली, आतून कोटिंग केलं. हे सगळं केलंय हो, दीड वर्ष काय झोपा काढल्या का? मला फक्त एवढं सांगा की शुक्रवारी बंद पडू नये म्हणून काय करू.

अंबाजोगाईची_लेक (९.०२)
दादा, रागावू नका. माझ्याकडं वडिलांची अँबेसिडर आहे, त्याच कुटाण्यातून गेलेय. पहिलाच लांबचा पल्ला, वयस्कर माणूस सोबत, आणि गाडी पंधरा किलोमीटरवर थांबतेय. आधी एकटे जा, मागं दुसरी गाडी ठेवा. चाकांचे नट पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, माझा एक हातानं फिरत होता. इंजिन नवं आहे तोवर पन्नास-पंचावन्नच्या वर नेऊ नका, पण एकाच स्पीडवर पण धरू नका. आणि लायनिंग नवीन असतील तर ब्रेक पहिले काही दिवस लांबूनच दाबा, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. समोर ट्रॉली थांबली की मग देवी आठवते.

जालना_टायर (९.३०)
५.२०-१४ चे टायर कुठून मिळवले? दोन वर्षं शोधतोय.

फियाटचा_नाद (९.३३)
टायरचा वेगळा धागा काढा प्लीज.

कार्बवाले_काका (१०.१०)
एक राहिलं. "पेट्रोल भरपूर आहे" हे कशावरून? काटा चालतो?

फियाटचा_नाद (१०.१८)
काटा नाही चालत, टाकीतला फ्लोट मिळाला नाही. झाकण काढून काडी घालून बघतो. शनिवारी फुल्ल केलीय.

कार्बवाले_काका (१०.२१)
शनिवारी फुल्ल. त्याआधी महिनाभर किती असायचं?

फियाटचा_नाद (१०.२४)
दोन-तीन लिटर. मिस्त्री बाटलीनं घालायचा. का?

कार्बवाले_काका (१०.२६)
बंद पडल्यावर काडी घातली का? कधी? आणि त्यानंतर किती वेळानं चालू झाली?

फियाटचा_नाद (१०.४०)
पहिल्यांदा नाही, तेव्हा नुसता बसून होतो, अर्धा तास गेला. परत येताना वाटलं पेट्रोल संपलं की काय, म्हणून लगेच झाकण काढलं. काडी भिजली. सेल्फ मारला तर चालू झाली. काल पण तसंच. मला वाटलं तेवढ्यात निवली असेल. हे महत्त्वाचं आहे का?

कार्बवाले_काका (१०.५२)
अहो, हेच सगळ्यात आधी सांगायचं असतं.
झाकण नवीन आहे ना, किल्लीचं? टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला वाट लागते, झाकणाच्या बारीक छिद्रातून नाहीतर वेगळ्या नळीतून. वाट नसली की आत ओढ तयार होते. पंप ओढून ओढून थकतो, फिल्टरला बुडबुडे येतात, गचके, बंद. अर्धा तास थांबलात की कुठून तरी हवा झिरपते आणि तुम्हाला वाटतं इंजिन निवलं. टाकी रिकामी असताना आत हवा मुबलक, म्हणून गल्लीत महिनाभर त्रास नाही. फुल्ल केली, वर हवेला जागा राहिली नाही, आणि लिटरभर पेट्रोल जाईतो दम कोंडला.
झाकण अर्धा आटा सैल ठेवून औशाला जाऊन या. काढताना फुस्स झालं होतं का?

फियाटचा_नाद (१०.५८)
शेजारून ट्रक जात होते, कानात तेच. संध्याकाळी जातो.

ओलं_फडकं (११.१५)
संध्याकाळी गार असतं. मग चालली तर श्रेय झाकणाला. टेस्ट करायची तर दुपारी दोनला करा.

फियाटचा_नाद (बुधवार, दुपारी ४.०५)
काल संध्याकाळी झाकण सैल ठेवून औसा गाठून परत. एक गचका नाही. आज फडकंवाल्या भाऊंच्या समाधानासाठी दुपारी दोनला पुन्हा गेलो, थेट उजनीपर्यंत. मग मुद्दाम झाकण घट्ट करून निघालो. सोळा किलोमीटरवर बंद. इंजिन बंद करून कान लावून झाकण फिरवलं. फुस्स नाही, चांगला श्वास घेतल्यासारखा आवाज आला. सेल्फ मारला, चालू.
घरी येऊन आबांना सांगितलं. म्हणाले, "झाकण कुठं होतं तिला? २००१ लाच हरवलं. मी फडकं कोंबून फिरायचो." चार दिवस हा माणूस दारात खुर्ची टाकून आमचं सगळं ऐकत होता. विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाले, "तुम्ही पंपाचं बोलत होतात."

ओलं_फडकं (४.१२)
शेवटी फडकंच!

अंबाजोगाईची_लेक (४.३०)
टाकीत फडकं कोंबणं म्हणजे आगीला बोलावणं, कुणी शिकू नका हे. सैल झाकण पण नको, वळणावर पेट्रोल सांडतं. छिद्राचं झाकण घ्या.

फियाटचा_नाद (५.१०)
मिस्त्रीनं आतल्या पट्टीला बारीक छिद्र पाडून दिलं, झाकण गाडीपासून लांब नेऊन, धुऊन. पैसे घेतले नाहीत. "इंजिन पण टाईटच हाय," एवढंच म्हणाला.
एक खरं सांगतो, दुपारी औशाच्या चौकात गाडी पाच मिनिटं उभी होती तेव्हा आयडलिंगला जरा अडखळली. बंद नाही पडली. म्हणून टॉवेल आणि पाण्याची बाटली ठेवणार आहे डिकीत. फडकंवाले भाऊ, खूश?

ओलं_फडकं (५.१४)
टॉवेल नवीन नेऊ नका.

मुंबईकर_मूळचा_धाराशिव (गुरुवार, सकाळी ८.००)
धागा वाचून डोळे भरून आले. कुर्ल्याच्या पद्मिनीच्या कारखान्यासमोरून शाळेत जायचो. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा आम्ही चौघं मित्र मुद्दाम बसून आलो होतो. गिअर स्टिअरिंगलाच ठेवलाय ना? काहींनी खाली घेतला, फार वाईट दिसतं.

फियाटचा_नाद (शुक्रवार, रात्री ८.४५)
जाऊन आलो. गिअर स्टिअरिंगलाच आहे. सकाळी साडेपाचला निघालो, भाचा मागं त्याच्या गाडीत. पन्नासच्या वर नेली नाही, आबा मात्र "दाब की" म्हणत होते. काक्रंब्याच्या पुढं जळका वास आला. उतरून बघितलं तर मागचं उजवं चाक तापलेलं, हात लावू देईना. ताईंनी ब्रेकचं लिहिलं होतं म्हणून पोटात गोळा आला. हँडब्रेक अर्धा ओढलेला निघाला. उजनीला चहाला थांबलो तेव्हा आबांनी ओढला होता, सवयीनं, आणि मी न बघता निघालो. अर्धा तास निवू दिलं, मग काही नाही.
येताना उजनीत परत थांबलो. नट आवळले, दोन सैल होते.

जालना_टायर (९.०१)
बासुंदी घेतली का उजनीची? आणि टायर?

फियाटचा_नाद (९.१०)
बासुंदी दोन किलो. आबांनी मांडीवर धरून आणली, डिकीत पेट्रोलचा वास लागेल म्हणून. टायरचं व्यनि (खासगी निरोप) करतो.

पैठण_मोटर्स (रविवार, दुपारी १२.३०)
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. पंप बदला.