अंगावर काढलेली दुखणी आणि परसातली औषधे

कोकणात बाईचे दुखणे आधी परसात जाते, मग वैद्यांकडे आणि अगदी शेवटी डॉक्टरांकडे. आता त्यात फोनवरून मागवलेल्या कॅप्सूलच्या बाटल्यांचीही भर पडली आहे. मासिक पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरे जाणे, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, रजोनिवृत्ती यांवर आपण काय घेतले, ते मैत्रिणींनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. मात्र नुसते ‘गुण आला’ एवढ्यावर थांबू नये. तक्रार नेमकी काय होती, औषध किती आणि किती दिवस घेतले, सोबत दुसरी कोणती गोळी चालू होती, आणि गुण आला नसेल तर तेही संकोच न करता सांगावे. कारण फसलेला काढा कोणी सांगत नाही आणि म्हणूनच तो शेजारच्या घरी पुन्हा उकळतो.

दापोली, वय ३१

माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी सव्वा महिना रोज एक अळिवाचा लाडू दिला. अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचे, नारळाचा चव आणि गूळ घालून मंद आचेवर आटवायचे, वरून जायफळ किसायचे आणि कोमट असतानाच लाडू वळायचे. दूध चांगले आले. पण ते लाडवामुळे की बाळाला दर दोन तासांनी पाजल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. नर्सबाई तर म्हणायच्या की, बाळ जितके ओढेल तितके दूध उतरते.

चूक माझ्याकडून झाली ती पुढे. अळिवात लोह भरपूर असते, हे ऐकून मी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या, कारण त्यांनी बद्धकोष्ठ व्हायचे आणि शौचाला काळे व्हायचे. प्रसूतीच्या वेळी ९.४ असलेले हिमोग्लोबिन दोन महिन्यांनी ९.१ निघाले. डॉक्टरांनी समजावले की, प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे, वनस्पतीतले लोह अंगी फार थोडे लागते आणि लाडवावर लगेच चहा घेतला तर तेवढेही लागत नाही. माझा लाडू तर चहाबरोबरच असायचा! आता गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेते, चहा दोन तासांनी. लाडू बंद केलेला नाही, कारण तो मला आवडतो.

वेंगुर्ले, वय २७

पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा येतात. गरम पाण्याची पिशवी आणि आल्याचा तुकडा ठेचून केलेला गुळाचा काढा, एवढ्यावर माझे भागते. कळा येण्याच्या आधीच काढा घेतला तर अधिक बरे वाटते. याहून सांगण्यासारखे काही नाही.

मालवण, वय ४६

माझा अनुभव लांब आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. चाळिशीनंतर पाळी नऊ-दहा दिवस जाऊ लागली आणि पहिले तीन दिवस तासाला पॅड बदलावा लागे. ‘पाळी जायच्या वयात असे होतेच’, हे वाक्य मी आई, जाऊ आणि शेजारीण अशा तिघींकडून ऐकले आणि खरे धरले. शेजारणीनेच अशोकाची साल आणून दिली. ती दुधात उकळून मी दोन महिने घेतली आणि रक्तस्राव तसाच राहिला.

नंतर गावातल्या वैद्यांना साल दाखवली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला की, झाड कोणते होते. झाड होते शाळेच्या कुंपणाला ओळीने लावलेले, उंच, सरळ, कडा नागमोडी असलेल्या खाली झुकलेल्या पानांचे. त्याला लोक अशोक म्हणतात खरे, पण औषधातला तो नव्हे. औषधातला सीता-अशोक बुटका व पसरट असतो आणि त्याच्या फांद्यांवरच केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ लागतात. बाजारातल्या सालीतही ही भेसळ नेहमीची आहे, असे वैद्य म्हणाले. खरे झाड सह्याद्रीच्या पट्ट्यातही आता दुर्मीळ होत चालले आहे आणि साल ओरबाडून काढल्याने ते मरते, हे ऐकल्यावर मला दोन महिन्यांच्या वाया गेलेल्या काढ्याबद्दल एका अर्थी बरेच वाटले.

त्यांनी अशोकारिष्ट दिले, चार चमचे समभाग पाण्यातून, दोन्ही जेवणांनंतर. देण्याआधी मधुमेह आहे का, हे विचारून घेतले; अरिष्टात गूळ असतो आणि आंबवताना थोडा मद्यार्कही तयार होतो, म्हणून. त्यांनी सहा आठवड्यांची मुदतही घातली होती. त्या मुदतीत पाळी एका दिवसाने कमी झाली, पण जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा त्यांनीच मला रक्ततपासणी आणि सोनोग्राफीसाठी पाठवले. हिमोग्लोबिन ७.६ आणि गर्भाशयात सहा सेंटिमीटरची गाठ. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली. त्या वैद्यांविषयी माझा आदर वाढला, तो औषधामुळे नव्हे, तर त्यांनी वेळेवर हात आखडता घेतला म्हणून.

गुहागर, वय ५२

रात्री अंगातून वाफा येऊन झोपमोड व्हायची, म्हणून पुण्याच्या भाचीने ‘संपूर्ण नैसर्गिक’ लिहिलेल्या कॅप्सूल पाठवल्या. दोन महिन्यांनी भूक मंदावली आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन यायला सांगितले, माझ्या रक्तदाबाच्या गोळीसकट. लेबलावर ब्लॅक कोहॉश हे नाव होते. ती उत्तर अमेरिकेतील वनस्पती असून तिच्यामुळे क्वचित यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपातील औषध नियामक संस्थेने २००६ मध्येच दिला होता. माझ्या यकृताच्या तपासण्या वाढलेल्या आल्या. कॅप्सूल थांबवल्यावर दहा आठवड्यांत त्या पूर्ववत झाल्या.

त्याच बाटलीवर बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असेही छापलेले होते आणि परवाना खाद्यपदार्थांचा, चौदा आकडी होता. म्हणजे मी औषध म्हणून जे घेत होते, ते कायद्याच्या लेखी अन्न होते. वाफा अजून येतात. सुती गाऊन, उघडी खिडकी आणि संध्याकाळनंतर चहा बंद, यांनी त्या सोसवण्याइतक्या झाल्या आहेत.

अलिबाग, वय २४

मला पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजांडकोशांचा विकार आहे. आजोळच्या आगरातली दालचिनी रोज पाव चमचा घेऊन माझी पाळी सहा महिन्यांत नियमित झाली; पण त्याच काळात मी रोज समुद्रकाठी पाऊण तास चालत होते आणि पाच किलो वजन उतरले होते, म्हणून श्रेय कोणाला द्यावे हे मला ठरवता येत नाही. एक सांगते: बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुधा कॅशिया असते. तिच्यातले कुमारिन नावाचे द्रव्य रोज जास्त पोटात गेले तर यकृताला बाधते. आपल्याकडची पातळ, सुरळीच्या आत सुरळी असलेली साल त्या मानाने निर्धोक आहे.

देवगड, वय ६३

मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. लावणीच्या दिवसांत बायका आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवत आणि पाणीही पीत नसत. मग उन्हाळी लागे, म्हणजे लघवीला जळजळ होई. धने-जिऱ्याचे पाणी आणि शहाळे यांनी जळजळ उतरते आणि पाणी पोटात जाते, म्हणून मी त्याला कधी नाही म्हटले नाही. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखू लागले की, धन्याच्या पाण्याची वाट पाहायची नाही, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. अंगावरून पांढरे जाण्यासाठी तुरटीच्या पाण्याने आतून धुण्याची रीत मात्र मी हट्टाने मोडत असे. तिथे राहणारे उपकारक जंतू त्याने मरतात आणि खाज-दुर्गंधी उलट वाढते.

एकच गोष्ट अजून. आमच्या वाडीतल्या एका आजींची पाळी जाऊन अकरा वर्षे झाली होती आणि पुन्हा डाग दिसू लागले. त्यांनी चार महिने जास्वंदीच्या कळ्या दुधात वाटून घेतल्या. मला कळले ते विहिरीवर, त्यांच्या सुनेच्या बोलण्यातून, आणि मी त्यांना दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तपासणीला नेले. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होता, पहिल्या टप्प्यातला. शस्त्रक्रियेला आता सहा वर्षे झाली. जास्वंद अजून दारात आहे. आजी तिची फुले नातींच्या केसांच्या तेलात घालतात.