स्पॉट वेल्ड आधी शोधा, मग ड्रिल लावा
भाऊ, जुन्या व्हॅनचा सडलेला फ्लोअर काढताना ग्राइंडरनं खालचा आधाराचा चॅनलही चिरला, असं तुम्ही लिहिलंय. हिंगणा रोडला शेडमध्ये काम शिकताना मीही हेच केलं होतं, वरून शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

फ्लोअरचा पत्रा खालच्या चॅनलला स्पॉट वेल्डनं, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी वितळवून, जोडलेला असतो. रंगाखाली हे स्पॉट दिसत नाहीत. वायर ब्रशनं घासा, मग पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा. खोलगट जागेत रंग उरतो, बरोबर तिथंच गोल चकती दिसते. मधोमध सेंटर पंच ठोका, नाहीतर बिट नाचतो. ८ मिमीचा स्पॉट वेल्ड कटर लावा, स्पीड कमी, दाब जास्त, दोन थेंब तेल. साधा टोकदार बिट खालच्या पत्र्यातही घुसतो. भुशाचा रंग बदलला किंवा कडेला गंजाची रेघ दिसली की थांबा. वरचा पत्रा सुटला. कुठं चिकटून उरलं तर पातळ छिन्नीनं सोडवा. पत्रा ओढून काढू नका, खालचा वाकतो.

कापायला १ मिमीची डिस्क ठीक, पण सलग चालवली तर पातळ पत्रा तापून लाटा घेतो. वळणाला पत्रा कापायची कात्रीच बरी: लाल दांड्याची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे.

आणि नागपूरचा मे असला तरी गॉगल काढू नका. घाम पुसायला काढला अन् डोळ्यात कीस गेला, हे माझ्यासोबत झालंय.