'माझ्या वर्गात सगळे सारखेच' म्हणणाऱ्या सरांना

मागचा_बाक
काल एका प्राध्यापक सरांनी लिहिलं, 'मी कुणाला जात, गाव, माध्यम विचारत नाही. सर्वसमावेशक वर्ग म्हणजे याहून वेगळं काय?' दोन ओळींत भागणार नाही, म्हणून नवा धागा काढतोय.

सर, मी नंदुरबारकडच्या आश्रमशाळेतून पुण्यात बीएला आलो. पहिल्याच आठवड्यात भर तासाला कारकून दारात येऊन म्हणाला, "स्कॉलरशिपवाले उभे राहा, महाडीबीटीचे फॉर्म अडकलेत." आम्ही अकरा जण उठलो. बाकी शंभरेक पोरं वळून बघत होती. जात कुणीच विचारली नाही, तरी त्या दिवशी सगळ्यांना कळली. पुढे प्रोजेक्टचे गट पडले ते त्याच रेषेवर. सर त्याही दिवशी सगळ्यांना सारखंच शिकवत होते.

आणि भाषा. अर्थशास्त्रातला 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत' मला बारावीपासून तोंडपाठ. सर 'लॉ ऑफ डिमिनिशिंग मार्जिनल युटिलिटी' शिकवत होते, आणि हे दोन्ही एकच आहे हे कळायला मला दोन आठवडे लागले. मराठी नाव एकदा उच्चारायला किती वेळ लागला असता?

जुना_खडू
ती पोस्ट माझीच. वर्गात 120 मुलं, सत्र जेमतेम चार महिन्यांचं. प्रत्येकाचं माध्यम धरून शिकवू? इंग्रजी मी त्यांच्याच भल्यासाठी वापरतो. प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत येते, मराठीत नाही. तुम्हा लोकांना सगळं आयतं मराठीत हवं, आणि पुढे मुलाखतीत तोंड उघडत नाही.

धुळ्याची_लेक
'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, सर? स्पष्ट लिहा. बीएचा पेपर मराठीत लिहायची मुभा आहे आणि यूपीएससीची मुख्य परीक्षाही मराठीत देता येते. मुभा आहे, पण वर्गात मराठी शब्दच कानावर पडला नाही तर पोरगी लिहिणार काय?

जुना_खडू
मराठी माध्यमातल्या मुलांना. दुसरा अर्थ काढू नका.

तासिकेवरचा
यावर उपाय म्हणून शिक्षकांना समावेशकतेचं प्रशिक्षण द्या म्हणाल, पण द्यायचं कुणाला? आमच्या विभागात कायम शिक्षक दोन, बाकी सगळे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे. मला दहावं वर्ष चालू आहे. सुट्टीत एक रुपया नाही, मानधन येतं ते सहा महिन्यांनी. तीन कॉलेजांत पळतो, मुलांची नावं कधी पाठ करू?

धुळ्याची_लेक
तुमचं दुखणं खरं आहे, पण स्कॉलरशिपवाल्यांना वर्गात उभं करायला कुणी लावलं? त्याला ना पैसा लागतो, ना कायम जागा.

कोकणकडा
मराठीचा एवढा पुळका असेल तर ती 'सीमांत उपयोगिता' आधी बदला. आमच्या आईला सांगून बघा, काही कळणार नाही. परिभाषा कोशातले शब्द इंग्रजीइतकेच परके. मी मुलीला पहिलीपासून सेमी-इंग्रजीत घातलं, पस्तावलो नाही.

मागचा_बाक
परके कसे? दोन वर्षं त्याच शब्दांवर मी परीक्षा दिली. तुमच्या आईला 'मार्जिनल युटिलिटी' कळते का?

कोकणकडा
तीही नाही कळत. पण नोकरी देणाऱ्याला कळते.

उजवीकडे_की_डावीकडे
तुमचं मराठी-इंग्रजी संपलं असेल तर माझंही ऐका. माझी धाकटी बहीण पूर्ण अंध आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, तिला प्रवेश मिळाला. लेखनिक मिळतो, तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात. हे सगळं परीक्षेचं. वर्गात सर फळ्यावरच्या आलेखावर हात फिरवून म्हणतात, "मागणी वक्र असा सरकतो." असा म्हणजे कसा? ती घरी येऊन मला विचारते. तिने एकदा हात वर केला तर उत्तर मिळालं, "मैत्रिणीकडून समजून घे." यूजीसीच्या नियमांनुसार कॉलेजात समान संधी कक्ष हवा. तिच्या कॉलेजात जिन्याखाली पाटी आहे आणि दाराला कुलूप.

जुना_खडू
फॉर्मचं मान्य. तो विषय वर्गात यायला नको होता, आणि माझ्या तासाला आला असता तर मीही कारकुनाला अडवलं नसतं, हेही लिहून ठेवतो. इंग्रजीबद्दलचं मत बदललेलं नाही. वक्राचं मात्र खरंय. तीस वर्षं मी 'असा'च म्हणत आलो.

मागचा_बाक
मग सोमवारी मराठी नावही एकदा घ्या, सर. इंग्रजीच्या आधी नाही, नंतर घ्या.

जुना_खडू
बघतो. शब्द देत नाही.