लघवी साफ होते म्हणजे प्रोस्टेट ठीक, असं नाही
एकांनी लिहिलंय, लघवीला त्रास नसेल तर प्रोस्टेटची तपासणी कशाला? घोळ तिथंच आहे. प्रोस्टेट ही पुरुषांतली अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाखाली मूत्रनलिकेला वेढून असते. वयानुसार ती फुगते ती नळीलगत, म्हणून धार अडते. कॅन्सर मात्र बहुधा मागच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो आणि बराच काळ मुकाच राहतो. गुदद्वारातून तपासताना तिथंच डॉक्टरचं बोट पोचतं, पण आमचे मोठे बाबा त्यालाच नाही म्हणत. "रातच्याला चारदा उठतो, वय झालं नं बाप्पा!" पुढं रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) वाढलेला निघाला, कॅन्सरच्या भीतीनं घर हादरलं; बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून तपासल्यावर, साधीच वाढ. पीएसए संसर्गानंही चढतो. उलट प्रोस्टेटच्या वाढीवरची फिनास्टेराइडची गोळी सहाएक महिन्यांत तो निम्म्यावर आणते. ती चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगा, नाहीतर कमी आकडा फसवेल.