दुसऱ्या खोलीतला टीव्ही 'कसाही चालतो' हे कुणी ठरवलं?

सांजवात

परवा 'छोट्या टीव्हीसाठी सल्ला हवा' या धाग्यावर एका सभासदांनी लिहिलं होतं, "बेडरूमला किंवा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीला काय, सेलमध्ये जो सगळ्यात स्वस्त ३२ इंची स्मार्ट दिसेल तो उचला. त्यांना कुठे फरक कळतो." त्यावर चौघांचं अनुमोदनही आलं. तिथे दोन ओळी लिहायला बसले, दोनाच्या वीस झाल्या, म्हणून हा वेगळा धागा.

फरक कळतो. आमच्या हॉलमधला मोठा टीव्ही रात्री जेमतेम दोन तास चालतो. आईच्या खोलीतला सकाळच्या अभंगांपासून रात्रीच्या शेवटच्या मालिकेपर्यंत. घरात जो सर्वांत जास्त चालतो, ज्याच्यासमोर ७८ वर्षांचे डोळे आणि कान आहेत, त्याला आपण 'दुसरा' म्हणतो आणि सगळ्यात कमी पैसे त्याच्यावर घालतो.

मीही तेच केलं होतं. दिवाळीच्या सेलमध्ये साडेआठ हजारांचा घेतला. १ जीबी रॅम, ८ जीबी स्टोरेज. पहिले सहा महिने ठीक गेले. नंतर दोन अपडेट आले आणि तो इतका रेंगाळायला लागला की आई बटण दाबून देवापाशी दिवा लावायला जायची, परत आली की चित्र दिसायचं. तेही तिच्या मालिकेचं नाही, ॲपच्या रांगेचं. मालिका सेट टॉप बॉक्सवर. तिथे जायला इनपुटचं बटण, मग दोनदा खाली, मग ओके. रिमोटवर खाली ॲपची चार बटणं, अंगठा लागला की भलतंच उघडून पैसे भरा म्हणतं. मग मला ऑफिसात फोन, "अगं, परत ते लाल पान आलंय." शेवटी तिने इनपुटच्या बटणावर स्वतःची टिकली चिकटवली.

चौदाव्या महिन्यात चित्र गेलं, आवाज चालू राहिला. वॉरंटी बारा महिन्यांची. कंपनीचा माणूस तीन आठवड्यांनी आला आणि लांबूनच "पॅनल गेलं, नवा घ्या" म्हणून गेला.

माझं म्हणणं एवढंच: छोटा टीव्ही घेताना 'स्मार्ट'वर पैसे घालू नका, तोच भाग आधी म्हातारा होतो. साधा किंवा साधारण स्मार्ट, पण गावात सर्व्हिस असलेल्या कंपनीचा घ्या आणि ॲप हवीच असतील तर वेगळी स्टिक लावा, म्हणजे टीव्हीच्या मागे खोचायचं ॲपचं छोटं यंत्र. स्टिक थकली की ती बदलता येते, टीव्ही फेकावा लागत नाही.

खडीसाखर

पहिल्या अर्ध्याशी सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही. एका रिमोटने ज्यांची तारांबळ होते त्यांच्या हातात दुसरा रिमोट द्यायचा? आमच्याकडे नेमका हाच प्रयोग झाला. टीव्हीचा एक, सेट टॉप बॉक्सचा एक, स्टिकचा एक. सासरे उशीखाली तीन रिमोट घेऊन झोपायचे. आवाज कमी करायला हवा तो रिमोट सापडेपर्यंत शेजारच्या फ्लॅटमधून भिंतीवर थाप.

मागच्या वर्षी तो सगळा संसार काढला आणि माइकचं बटण असलेला, २ जीबी रॅमचा स्मार्ट घेतला. आता ते बटण दाबून भजनाचं नाव घेतात, यूट्यूब उघडतं. टायपिंगचा त्रास गेला. सेट टॉप बॉक्सच काढून टाकला. तीन हजार जास्त गेले, ते वसूल झाले.

सोल्डर

नाशिकरोडला १९ वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, म्हणून बोलतो.

सांजवातताई, तुमचं पॅनल गेलेलं नसावं. आवाज आहे, चित्र नाही, तर खोलीत अंधार करा आणि मोबाइलची बॅटरी (टॉर्च) स्क्रीनला चिकटवून तिरकी मारा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल म्हणजे चित्राची काच जिवंत आहे, बॅकलाइटच्या म्हणजे तिला मागून उजेड देणाऱ्या पट्ट्या गेल्यात. पट्टीतले एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक उडाला की अख्खी ओळ विझते. स्वस्त सेटमध्ये पट्ट्या कमी आणि प्रत्येकीवर ताण जास्त. वर कारखान्यातून बॅकलाइट शंभरावर ठेवून पाठवतात, दुकानात झगमगीत दिसावं म्हणून. घरी आणल्याबरोबर साठ-सत्तरवर आणा, डोळ्यांनाही बरं आणि पट्ट्यांनाही.

पण स्टिकचं तुमचं गणित अर्धवट आहे. माझ्याकडे 'स्टिक सारखी बंद होते' म्हणून आठवड्याला दोघं तरी येतात. स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खोचलेली असते, तिथून पुरेसा करंट मिळत नाही. तिच्यासोबत आलेला अडॅप्टर वेगळ्या सॉकेटला लावा. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत आणखी एक सॉकेट, आणखी एक लोंबती वायर. तेही मोजा.

सांजवात

बॅटरी मारून पाहिली. चित्र दिसतंय! टिळकांचा फोटो... नाही, बातम्यांचा निवेदक आहे, पण दिसतंय. त्या माणसाने दोन मिनिटं वाकून पाहिलं असतं तर हा टीव्ही महिनाभर भिंतीला तोंड करून उभा राहिला नसता.

हिशेबी

तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल आणि भेटीची तारीख हाताशी ठेवा.

मूळ प्रश्नाबद्दल: ३२ वरच थांबण्याचं एक कारण आता संपलंय. ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यापुढे २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीकडे १८ आहे. थोडे पैसे घालून ४३ का घेऊ नये?

खडीसाखर

कारण खोली नऊ बाय दहाची आहे! ४३ इंची साधारण ९५ सेंटिमीटर रुंद, ३२ इंची ७२. आमच्या भिंतीवर कपाटाचं दार उघडायला हवं. कराचा दर पाहून टीव्ही घेत नाही हो कुणी, भिंत मोजून घेतात.

रत्नांग्रीकर

तुम्ही सगळे शहरातल्या खोलीचं बोलताय. आमच्यासारख्यांचा दुसरा टीव्ही म्हणजे गणपतीत गावी न्यायचा टीव्ही. घर दहा महिने बंद, तिथे कायमचा ठेवला तर दमटपणाने पुढच्या वर्षी उभ्या रेघा. म्हणून २४ इंची घेतला, जाताना गाडीतून नेतो. पहिल्या वर्षी डिकीत आडवा ठेवला, वर तांदळाची पिशवी. कशेडीच्या अलीकडेच काम झालं होतं, घरी जाऊन लावला तर कोपऱ्यातून कोळ्याचं जाळं. तेव्हापासून उभा नेतो, मागच्या सीटसमोर, काच सीटच्या पाठीकडे, दोन्ही बाजूंनी गोधड्या.

आणि स्मार्ट-बिनस्मार्टचा वाद आमच्याकडे चालतच नाही. वाडीत नेट आंब्याच्या झाडाखाली मिळतं, माजघरात नाही. तिथे डीडी फ्री डिशच. एकदा डबा-छत्री घेतली की महिन्याचे पैसे नाहीत. जोराची सर आली की सिग्नल जातो, पण पाऊस थांबला की येतो. घेताना एकच बघा: जुन्या डब्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना लागतात का. हल्ली लहान सेटला ती तीन भोकं नसतात, एकच बारीक भोक असतं, त्याची जोडवायर खोक्यात आहे का ते दुकानातच उघडून बघा. आम्हाला ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्या वायरीसाठी बाजारात जावं लागलं. आणि वीज कडाडली की प्लग आणि छत्रीची वायर, दोन्ही काढायच्या. नुसता प्लग काढून भागत नाही.

मोगरा

एवढे सगळे सल्ले वाचले. एकानेही विचारलं नाही की आईला वेगळा टीव्ही हवाच कशाला?

माझ्या वडिलांना आम्ही असाच टीव्ही दिला. चांगला, महागातला. कौतुकाने भिंतीवर लावला. महिन्याभरात ते चहा खोलीत मागायला लागले, मग जेवणाचं ताट खोलीत जायला लागलं. हॉलमध्ये आमचं हसणं, आत त्यांच्या बातम्या. दोन वर्षांनी ते गेले. त्या दोन वर्षांत आम्ही एकत्र बसून काय पाहिलं ते आठवायला गेले तर एक क्रिकेटची मॅच आठवते. एकच. खोलीत टीव्ही देणं म्हणजे माणसाला हॉलमधून उठवणं. किती जीबी रॅम हा नंतरचा प्रश्न आहे.

सांजवात

तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण माझ्या आईला मी 'उठवलं' हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. हॉलमध्ये नातवाची ऑनलाइन शिकवणी, नवऱ्याच्या मीटिंगा. तिला तिच्या मालिका तिच्या वेळेला, पाय लांब करून बघायच्या असतात. जेवायला ती रोज आमच्याबरोबर टेबलावर असते. माझ्या घरात न डोकावता असं लिहू नका.

मोगरा

तुम्हाला उद्देशून नव्हतं.

सांजवात

"आईला" असं लिहिलंत. या धाग्यावर आईबद्दल मीच लिहिलंय.

खडीसाखर

मोगराताई, राग मानू नका, पण हे 'सगळ्यांनी एकत्र बसावं' कुणाच्या जिवावर असतं ते मी सांगते. सासऱ्यांना कमी ऐकू येतं. हॉलमध्ये आवाज चाळीसवर. ४३० चौरस फुटांच्या घरात तो आवाज स्वयंपाक करताना, मुलीचा अभ्यास घेताना, झोपताना माझ्याच कानात. दहा वर्षं मी हे ऐकलं आणि वर 'सून टीव्ही लावू देत नाही' हेही ऐकलं. खोलीत टीव्ही आल्यावर आमच्या घरातलं भांडण संपलं. आता रात्री नऊला ते स्वतः बाहेर येऊन बसतात, कारण बसावंसं वाटतं.

मोगरा

तुमच्याकडे ते बाहेर येतात. आमच्याकडे नाही आले. मला एवढंच म्हणायचं होतं की टीव्ही लावून झाल्यावर आपण त्या खोलीत जायचं विसरतो. शब्द कठोर गेले असतील. म्हणणं मागे घेत नाही.

तांबडी_माती

मी कोल्हापूरचा, वय ७१, म्हणजे या धाग्यावर ज्याच्याबद्दल चाललंय तो 'म्हातारा माणूस'. वरचं सगळं वाचून मला एक गोष्ट टोचली. आईला जमत नाही, सासऱ्यांना सापडत नाही, वडील उठून गेले. त्यांना दुकानात कुणी नेलं होतं?

मी माझा टीव्ही स्वतः निवडला. श्रवणयंत्र घालून दुकानात गेलो आणि बातम्यांचं चॅनल लावायला सांगितलं, कारण गाणं कुठल्याही टीव्हीवर बरं वाजतं, बोलणं वाजत नाही. लहान टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, भिंतीला चिकटवला की शब्द घुमतात. खोक्यावर २० वॅट छापलेल्या एकावर निवेदिकेचा 'स' आणि 'श' मला वेगळा कळेना. दुसऱ्यावर कळला, तो घेतला. मग दुकानदाराला दिवा घालवायला लावला आणि अंधारात अंगठ्याने आवाजाचं बटण शोधलं. पलंगापासून माझी भिंत सात फूट. तिथून २४ इंचावर खालची पट्टी वाचता येईना, ३२ वर आली. फुल एचडी घ्या म्हणून तो मागे लागला होता. सात फुटांवरून १३६६ बाय ७६८ आणि १९२० बाय १०८० यातला फरक माझ्या डोळ्यांना दिसला नाही, ते पैसे मी ब्लूटूथच्या हेडफोनला घातले. रात्री बायको झोपते, मी पाहतो.

मोगराताई, तुमचं दुःख खरं आहे, पण खोलीत एकटं बसून आपल्या आवडीचं बघणं हेही एक सुख असतं, ते आमच्याकडून काढून घेऊ नका. आणि सांजवात, तुमच्या आईला जमत नव्हतं म्हणता, पण टिकली कुणी चिकटवली? तिनेच वाट काढली. पुढचा टीव्ही घेण्याआधी तिला विचारा.

सांजवात

काका, हे वाचून पहिल्यांदा राग आला. मग आत जाऊन विचारलं. खरंच कधी विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, नवा नको. चित्र आलं तर हाच राहू दे, याचा आवाज तिला सवयीचा झालाय. फक्त "सुरू केल्यावर सरळ माझं चॅनल येऊ दे, मधलं ते दुकान नको." आणि यूट्यूबवर कीर्तनं लागतात हे तिला नातवाने दाखवलंय, मला माहीतच नव्हतं. म्हणजे तिला स्मार्ट हवाय. खडीसाखर, एवढ्यापुरतं तुमचं बरोबर, घ्या.

खडीसाखर

घेतलं. आणि तीन रिमोट ही आमची चूक होती, स्टिकची नव्हती, हेही कबूल. तरी सेट टॉप बॉक्स काढला म्हणूनच आमचं सुटलं असं मला अजून वाटतं.

रत्नांग्रीकर

बॉक्स काढा म्हणणं सोपं आहे. गावी नेट येऊ द्या, मग बोलू.

सोल्डर

सांजवातताई, आईंचं काम फुकटात होण्यासारखं आहे. सेटिंगमध्ये 'पॉवर' किंवा 'सिस्टिम'खाली सुरू झाल्यावर काय दाखवायचं ते विचारलेलं असतं. तिथे होमच्या जागी शेवटचं इनपुट निवडा. मग बॉक्सवर बंद केला तर बॉक्सवरच उघडेल. सगळ्या मॉडेलांत नसतं, पण बऱ्याच अँड्रॉइडवाल्यांत असतं. पुढे स्टिक लावलीत तर एचडीएमआय सीईसी चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिंपलिंक. टीव्हीच्या एकाच रिमोटने स्टिक चालते. तीन रिमोटवाल्यांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

पट्ट्या मात्र सगळ्या बदला, गेलेली एकच बदलून घेऊ नका. उरलेल्या तेवढ्याच वापरलेल्या असतात, दोन महिन्यांत दुसरी जाते आणि पॅनल पुन्हा उघडावं लागतं. प्रत्येक उघडणीत काच तडकायची भीती.

सांजवात

शेवटचं इनपुट सापडलं, 'पॉवर'च्याच खाली होतं. चित्र नसल्यामुळे मी बॅटरी तिरकी धरली आणि लेकाने मेनू वाचत निवडलं. पट्ट्यांसाठी शनिवारी कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला येतोय. आईने त्याला फोनवरच बजावलंय की रिमोट पुसू नका, टिकली निघेल.