ताज्या हवेचे यंत्र स्मार्ट थर्मोस्टॅटला जोडताना मध्ये रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) लागेल का?

घरातील ताज्या हवेचे यंत्र सध्या भिंतीवरच्या स्वतंत्र बटणावर चालते. ते स्मार्ट थर्मोस्टॅटवरून दर तासाला 20 मिनिटे चालवायचे आहे. थर्मोस्टॅटच्या जादा टर्मिनलमधून 24 व्होल्ट एसी मिळतो, यंत्राच्या टर्मिनलपट्टीवर मात्र बाहेरून व्होल्टेज देऊ नये, दोन टोके नुसती एकमेकांना जोडली की पंखा सुरू होतो, असे स्पष्ट छापलेले आहे. थेट तार जोडणे म्हणजे सर्किट बोर्ड जाळण्याची तयारीच! त्यामुळे 24 व्होल्ट कॉइलचा रिले मध्ये बसवून त्याचे ‘नॉर्मली ओपन’ (एरवी उघडे, कॉइलला वीज मिळाली की जुळणारे) संपर्क यंत्राला द्यावेत, असा विचार आहे. तो योग्य आहे का? शिवाय ही हवा घरभर हवा नेणाऱ्या मुख्य डक्टमध्येच सोडलेली असल्याने त्या डक्टचा मुख्य पंखाही सोबत चालायला हवा. ते थर्मोस्टॅटच्या सेटिंगमधून करावे की तारांनी, याबाबत अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.