कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका : छापून घ्यावी की पडद्यावर वाचावी?

प्रश्न – रीळवाला
नव्या मिररलेस कॅमेऱ्याच्या खोक्यात बॅटरी भरण्यापासून पहिले छायाचित्र काढण्यापर्यंतची जुजबी माहिती देणारी पत्रिका तेवढी मिळाली. संपूर्ण पुस्तिका पीडीएफ स्वरूपात उतरवून घेतली, तर ती सुमारे नऊशे पानांची निघाली. फिल्मच्या कॅमेऱ्यांची पुस्तिका एका बैठकीत वाचून होत असे. ही सगळी छापून घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर – कृष्णधवल
सगळी छापू नये. कागदाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पाने बसवली तरी ए-४ आकाराचे सव्वादोनशे कागद लागतील, आणि फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर) बदलले की त्यांतील काही मजकूर जुना होईल. निकॉनचा झेड ९ हा कॅमेरा बाजारात आला २०२१च्या अखेरीस. एप्रिल २०२२मधील फर्मवेअरने त्यात ८के ६०पी रॉ (अतिस्पष्ट, सेकंदाला ६० फ्रेमचे, प्रक्रिया न केलेले) चित्रीकरण आणि शटर पूर्ण दाबण्याआधीचे क्षण टिपण्याची सोय आणली. सुरुवातीलाच छापलेल्या प्रतीत यातले काहीच सापडणार नाही. शिवाय पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो.

उत्तर – छायाप्रकाश
शब्द शोधण्यासाठी तो आधी ठाऊक असावा लागतो, हे मात्र विसरले जाते. शटरच्या बटणावरून फोकसचे काम काढून ते मागच्या बटणाकडे सोपवण्याची पद्धत छायाचित्रकार ‘बॅक बटण फोकस’ या नावाने ओळखतात. पण अनेक पुस्तिकांत हे नावच नसते, आणि तिचे दुवे ऑटोफोकसच्या पर्यायांत व बटणांना कामे नेमून देण्याच्या प्रकरणात विखुरलेले असतात. अशा गोष्टी पाने चाळतानाच हाती लागतात, आणि चाळण्याच्या बाबतीत कागदाची बरोबरी पडद्याला अजून साधलेली नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून ऑटोफोकस, एक्स्पोजर आणि बटणांची मांडणी एवढी तीन प्रकरणे छापून स्पायरल बांधणी करून घ्यावी. वायफाय आणि मोबाइल अ‍ॅपची प्रकरणे छापणे म्हणजे निव्वळ कागदाची नासाडी.

उत्तर – तिपाई
बाहेर पडताना पीडीएफ फोनमध्येच साठवलेली असावी. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत पुस्तिकेचा क्यूआर कोड दिसतो, परंतु तो संकेतस्थळाकडे नेतो, त्यामुळे नेटवर्क नसलेल्या ठिकाणी त्याचा उपयोग होत नाही. सोनी आणि निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत मेनूतील पर्यायावर थांबून मदतीचे बटण दाबल्यास त्या पर्यायाचे थोडक्यात स्पष्टीकरण पडद्यावर येते. ऐन कामाच्या वेळी मला तेवढे पुरते. छापताना एक पथ्य पाळावे : फोकस लागल्याची हिरवी चौकट काळ्या-पांढऱ्या छपाईत इतर चौकटींपासून वेगळी ओळखता येत नाही, म्हणून निदान ऑटोफोकसची पाने रंगीत काढावीत.

रीळवाला
आभारी आहे. तीन प्रकरणेच छापतो, आणि पुढच्या फर्मवेअरसोबत येणारी पुरवणी पाने मागे जोडता यावीत म्हणून स्पायरलऐवजी रिंग फाइल वापरतो.